भिंतीची चव

घरात आल्यावर मामा आधी पाणी मागायचे आणि ते प्यायचे नाहीत.

"बाई, गिलासभर पानी द्या," म्हणायचे. मी माठातलं पाणी द्यायचे. त्यात ते उजव्या हाताचं बोट बुडवायचे, चांगलं चोळायचे, झटकायचे आणि पेला माझ्या हातात परत. मग ओल आलेल्या भिंतीपाशी उकिडवे बसायचे. रंगाचा पोपडा नखानं उचकटायचे, आतली माती त्या ओल्या बोटावर घ्यायचे आणि बोट सरळ तोंडात. डोळे मिटलेले. घरातली माणसं भोवती उभी. जरा वेळानं निकाल लागायचा. "खारं हाय," नाहीतर "गोड हाय."

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाटीवरची पेन्सिल खाणारी, खडू खाणारी पोरं मी ढिगानं पाहिली आहेत. पण साठी उलटलेला माणूस भिंत चाटताना पाहिला नव्हता. शिवाय तो पेला. प्यायचं नाही तर मागायचं कशाला? मोरीत नळ आहे, तिथे धुवा बोट. तसं मी एकदा म्हटलंही. ते म्हणाले, "नलाचा भरवसा नाय, माठातलाच द्या." भिंत चाटणाऱ्या माणसाला नळाचा भरवसा नव्हता.

तुमच्याही ओळखीत घराची डागडुजी करणारा असा एखादा माणूस असेल. त्याला बोलावल्याशिवाय चालत नाही आणि बोलावल्यावर आपलं डोकं ठिकाणावर राहत नाही. पेणमध्ये खाडीच्या अंगाला ज्या नव्या कॉलन्या झाल्या, तिथल्या निम्म्या घरांत मामांची ये-जा होती. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. बांध फुटला, कुणी बांधला नाही, मिठागर पडीक झालं, तेव्हा त्यांनी हातात थापी घेतली. विद्या सगळी तिकडचीच. आमची वस्ती खाजणात, खाडीच्या दलदलीत, भराव टाकून उभी राहिलेली आहे. त्यामुळे जमिनीतून वर चढणारी ओल खाडीची, म्हणजे खारी. गच्चीवरून उतरणारी ओल पावसाची, म्हणजे गोडी. खारं लागलं तर घराच्या पायाकडे बघायचं, गोड लागलं तर गच्चीकडे. एवढाच त्यांचा ग्रंथ.

माझी गाठ पडली ती मागच्या खोलीमुळे. आमची मुलगी पहिल्या बाळंतपणाला यायची होती. आषाढात येणार, श्रावणात मोकळी होणार. घरात तिच्यासाठी एकच खोली, परसाकडची, आणि नेमकी तिलाच कंबरेएवढ्या उंचीवर ओल. भिंतीला हात लावला तर पीठ हाताला यायचं. बुरशीचा वास कपाटातल्या दुपट्यांपर्यंत गेला होता. मुलीचा फोन आला की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर एक प्रश्न ठरलेला, "आई, खोली कोरडी होईल ना गं?" तिला लहानपणापासून दम्याचा त्रास. ओल धरलेल्या खोलीत तिला ठेवायचं आणि वर तान्हं बाळ, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती.

आमचे हे रोह्याला कंपनीत. शिफ्टची नोकरी, त्यामुळे घरातली सगळी कामं माझ्या गळ्यात आणि सल्ले मात्र त्यांचे. ते म्हणाले, "खाडी एवढी जवळ, ओल जमिनीतूनच असणार. खालून केमिकल भरून घेऊ." शेजाऱ्यांचंही तेच मत. मामांनी बोट चाटलं आणि म्हणाले, "गोड हाय. वरनं येतंय."

"कंबरेपर्यंतच ओल आहे मामा. वर छत कोरडं ठणठणीत आहे."

"पानी भितीच्या पोटातनं उतरतंय नि हितं भायेर पडतंय. तुमी बगू नका, तुमाला दिसायचा नाय."

एवढं बोलून ते उठले. काम कधी सुरू करणार विचारलं तर म्हणाले, "भांगाला येतो."

ही आणखी एक डोकेदुखी. मामांच्या जगात सोमवार-मंगळवार नव्हते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे पाणी कमी चढतं ते दिवस, एवढंच त्यांचं पंचांग. पायाचं काम असेल तर मी समजू शकते. पण गच्चीला भरती-ओहोटीचं काय? "सवय हाय," म्हणाले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात अष्टम्यांना लाल गोल करून ठेवले. पहिल्या अष्टमीला ते आले नाहीत. दुसरीला आले ते गच्ची बघायला. आगोटीचे दिवस, जो तो पावसाआधीची कामं उरकायच्या घाईत, आणि मामा गच्चीवर अनवाणी इकडून तिकडे चालताहेत. तळपायाला कळतं म्हणे. मी खाली आंबोशी वाळत घालता घालता दात-ओठ खात होते.

त्यांना सोडून दुसरा माणूस का पाहिला नाही, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण रोह्याला आहे. माझी नणंद तिथे राहते. त्याच दिवसांत तिच्या देवघराच्या भिंतीला ओल धरली होती. चार जणांनी चार खर्चिक उपाय सांगितलेले. मी मामांना घेऊन गेले. पेणहून गाडीत बसलो, कासू गाव आलं तसे खिडकीबाहेर बघून म्हणाले, "हितनं पुढं पानी गोडा." रोह्याचे लोक नदीकाठचे म्हणून नशीबवान, असं त्यांचं मत. नणंदेच्या घरी गेल्यावर मी आधीच पेला आणायला सांगितला, पण पुढचं सांगायचं राहून गेलं. मामांनी देवघराची भिंत खरवडून बोट तोंडात घातलं. नणंद मटकन पाटावर बसली. मामांनी पुन्हा एकदा चाखलं आणि म्हणाले, "साबनाचं हाय."

भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं. तिथली एक लादी उचलली तर खालची नळी फुटलेली, साबणाचं पाणी वर्षभर देवाच्या पाठीमागे मुरत होतं. नणंदेनं ती भिंत गोमूत्रानं पुसून घेतली. मामांनी चाटली म्हणून की साबणाच्या पाण्यामुळे, ते मी विचारलं नाही. पण तेव्हापासून मी या माणसाला शिव्या दिल्या तरी सोडू शकले नाही.

शेवटी वैशाखातल्या भांगाला काम सुरू झालं. जुना थर फोडून नवा कोबा घालायचा होता, विटांचे तुकडे, चुना, थोडं सिमेंट. पायाला गोणपाट बांधून मामा आणि त्यांची बायको त्या कोब्यावर चालायला लागले. नुसते चालले. एका कडेनं पाऊल उचलायचं, आधीच्या पावलाला चिकटून ठेवायचं, पलीकडच्या कडेला जायचं, परत यायचं. चार दिवस. मी शाळेतून यायचे तर हे दोघं भाताची मळणी केल्यासारखे तुडवतच होते. मिठागराचा तळ असाच पायानं तुडवून घट्ट करतात, असं मामी म्हणाल्या. मी म्हटलं, मामी, हे घर आहे. त्या हसल्या आणि चालत राहिल्या.

मध्येच एका दुपारी मामांनी परसात जाऊन भिंतीलगतच्या पेव्हर ब्लॉकची अख्खी ओळ उचकटून टाकली. मी हौसेनं बसवून घेतलेले ब्लॉक. "भितीला पानी टेकवायचा नाय," एवढंच उत्तर. त्या वीतभर मातीत दुसऱ्या दिवशी त्यांनी अळूचे कंद खुपसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

कोबा झाल्यावर त्यांनी गच्चीवर पाणी भरून ठेवलं. ते सगळेच करतात, थर पक्का व्हायला. पाणी कसं एकसारखं पसरलंय म्हणून मी कौतुकही केलं. मामा खुशीत म्हणाले, "घाई नाय. पानीच सांगंल."

पाण्यानं पावसाळ्यात सांगितलं. मृग लागून आठवडा झाला होता, मी गच्चीवर गेले तर पाणी घोट्याखाली थबथबत होतं. दोन बोटं पाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि हलायचं नाव नाही. पाइपाचं तोंड कडेच्या भिंतीत होतं, पण कोब्यापासून दोन बोटं वर. गच्चीला उतारच नव्हता. जन्मभर ज्या हातांनी पाणी अडवायचे वाफे केले, त्या हातांनी माझी गच्ची केली होती. पाणी शिरतं कुठून आणि साठतं कसं याचा विचार होता. जातं कुठून याचा नव्हता. मिठागरात पाणी जात नाही, उन्हानं उडतं.

मी फोन केला. ते भर पावसात डोक्यावर प्लास्टिक घेऊन आले. पाण्यात उभे राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मी वाट बघत होते की हा माणूस निदान शरमेल.

"धरलंय," ते म्हणाले. "थेंब खाली जायाचा नाय, बाई."

मग माझा तोल गेला. पंधरा दिवसांवर मुलगी यायची होती. सगळी कॉलनी ऐकेल अशा आवाजात मी म्हणाले, "मामा, मी गच्ची सांगितली होती. तुम्ही मला मिठागर करून दिलंत."

ते पाण्याकडे बघत राहिले. मग प्लास्टिक सावरत जिना उतरून गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर खरखर आवाज आला. वर जाऊन बघते तर मामा. हातात लांब दांड्याची लाकडी फळी, मिठागरात मीठ ओढायची. त्या फळीनं ते गच्चीवरचं पाणी पाइपाकडे लोटत होते. न बोलावता, न सांगता. परसाच्या बाजूच्या जिन्यानं आले होते, पाणी लोटून झाल्यावर त्याच जिन्यानं गेले. चहासुद्धा घेतला नाही.

त्यानंतर जेव्हा जेव्हा पाऊस पडून गेला, तेव्हा तेव्हा ते आले. तीन मैलांवरच्या गावातून, सायकलवर, फळी पाठीशी बांधून. पुढे फळी आमच्याच गच्चीवर ठेवायला लागले. मी म्हटलं, मामा, राहू द्या, मी कामवालीला सांगते. ते म्हणाले, "तिला जमायचा नाय." मी म्हटलं, आता मुलगी आलीय, दुपारी झोपते, हा आवाज होतो. ते म्हणाले, "हलू लोटतो." हळू लोटल्यानं तोच आवाज दुप्पट वेळ चालायचा. मी खाली कपाळाला हात लावून बसायचे. माणूस चूक कबूल करत नाही, माफी मागत नाही, वर रोज येऊन ती चूक आपल्या डोक्यावर घासत बसतो. याला काय म्हणायचं?

मुलीला मात्र त्यांचा त्रास वाटला नाही. श्रावणात नात झाली. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी बदाबदा पाऊस होता आणि वर खरखर चालू होती. मागच्या खोलीत मी चारही भिंतींवरून हात फिरवला. कोरड्या. मुलीचा श्वास एकदाही अडकला नाही. बाळाला त्या आवाजाची इतकी सवय झाली की वरचं काम थांबलं की ते जागं व्हायचं. मुलगी हसून म्हणायची, "मामांना सांग आई, अजून थोडं लोटा." बारशाला मामींना लुगडं आणि मामांना धोतरजोडी दिली. मामांनी बाळाकडे लांबूनच बघितलं. मग भिंतीला हात लावला आणि निघून गेले.

पाऊस सरल्यावर मी मागे लागले, आता उतार काढून द्या. "दिवाली होऊं द्या." दिवाळी झाली. "भांगाला येतो." कार्तिकातल्या एका भांगाला खरंच आले. गच्चीवर बादलीभर पाणी ओतलं, ते पसरताना बघत बसले आणि म्हणाले, "राहू द्या, बाई. धरलंय ते. उतार काढायचा म्हंजे फोडायला लागंल. फोडलेला परत असा धरंल का नाय, मी सांगू शकत नाय. मी येतोय ना पानी लोटायला."

मी मनात म्हटलं, काम टाळायला चांगली सबब आहे. असा कुणाच्या येण्यावर कुणी घर बांधतं का?

पुढच्या आगोटीत मी त्यांना फोन लावायला सुरुवात केली. वाजून वाजून बंद. चार अष्टम्या गेल्या. पाचव्यांदा फोन उचलला गेला आणि मी पलीकडच्या आवाजाची वाटही न बघता सुरू झाले. काही लाज आहे की नाही, पावसाळा तोंडावर आला, किती वेळा फोन करायचा, मला काय दुसरे उद्योग नाहीत.  माझं संपल्यावर मामींचा आवाज आला.

"बाय, ते गेले ना. शिमगा झाला नि गेले."

 मी नुसतंच "अहो मामी" म्हणाले.

"तुमीच व्हय गो गच्चीवाल्या बाई?" मामी म्हणाल्या. "पोराला फोनात तसंच नाव लिवायला लावलेलं त्यांनी. त्यांची फली तुमच्याकडंच हाय. राहू द्या. हितं आता काय काम तिचा?"

मी जाऊन मामींना भेटून आले. पण खरं सांगायचं तर मला दुःखाइतकाच रागही आला होता. पाऊस पंधरा दिवसांवर, आणि हा माणूस मला ती गच्ची देऊन निघून गेला होता. आता पाणी कोण लोटणार होतं?

ह्यांच्या ओळखीचा एक ठेकेदार आला. तरुण, नम्र, हातात यंत्र. त्यानं गच्चीवर लाल किरणाची रेघ मारली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोजलं, परत मोजलं. मग यंत्र तपासलं.

"मावशी, हे कुणी केलं?" त्यानं विचारलं. "वीस फुटांत एका सुताचा फरक नाही. यंत्रानंसुद्धा असं निघत नाही."

"एक होते," मी म्हटलं. मला उगाचच अभिमान वाटला.

"पण उतार नाही. फोडावं लागेल."

मी हो म्हटलं. तीन दिवस तो कोबा फुटत नव्हता. मजूर वैतागले, यंत्रं आणली. मग उतार निघाला, पांढऱ्या लाद्या बसल्या, आणि पहिल्या सरीचं पाणी आपलं आपण पाइपातून गेलं. मी छत्री घेऊन मुद्दाम बघायला गेले होते. फार सुंदर काम. फळी मी पाण्याच्या टाकीमागे उभी करून ठेवली. गेल्या वर्षी एकदाही तिला हात लावावा लागला नाही.

यंदा मुलगी पुन्हा यायची आहे. दुसरं बाळंतपण खरं तर सासरी, पण तिकडे सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परवाच तिचा फोन आला. बोलून झाल्यावर तोच प्रश्न, "खोली कोरडी आहे ना गं?" मी हो म्हटलं, आणि फोन ठेवून खोली आवरायला गेले. पलंग ओढला तर मागे, कंबरेएवढ्या उंचीवर, भिंतीचा रंग फुगलेला.

ठेकेदार लगेच आला. ओल मोजायच्या यंत्राच्या टाचण्या भिंतीला लावून आकडा बघितला. "वर काही नाही मावशी, गच्ची एकदम ओके आहे. जमिनीची ओल आहे. खाडी किती जवळ आहे बघा. खालून केमिकल भरू." आमचे हेही म्हणाले, "मी तेव्हापासून तेच सांगतोय."

दोघं बाहेर ओट्यावर बोलायला गेले. मी खोलीचं दार लोटून घेतलं. कुणी बघत नाही याची खात्री केली, उकिडवी बसले, पोपडा नखानं उचकटला आणि बोट जिभेला लावलं.

खारट लागलं. मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे खालून. म्हणजे गच्ची फोडली म्हणून काही बिघडलं नाही. मी उठणार तोच कपाळावरून घामाचा थेंब हातावर पडला. आषाढातला उकाडा, सकाळपासून पलंग आणि कपाटं ओढत होते, हात कोपरापर्यंत घामानं चिकट झालेले. माझंच बोट खारट होतं.

तेव्हा मला तो पेला आठवला. न पिता परत दिलेला, मी चरफडत घासलेला प्रत्येक पेला. आणि नळाचं पाणी का नको होतं, तेही. उन्हाळ्यात आमच्या नळाला मचूळ, खारट पाणी येतं.

मी स्वयंपाकघरात गेले. माठातलं पाणी पेल्यात घेतलं, बोट बुडवून चांगलं चोळलं, झटकलं. हे ओट्यावरून विचारत होते, "अगं, यांना काय सांगू, खालून भरायचं ना?" मी परत येऊन भिंतीपाशी बसले, नखानं आतलं खरवडलं, डोळे मिटले आणि बोट तोंडात घातलं.

गोड होतं.